काबरी मांजरच आहे

काबरी माझ्या घरात राहते आणि राहणार. ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्या ओट्यावर बसून चहा प्यावा, पाहिजे तेवढं बोलावं आणि आपापल्या घरी जावं.

मी मुखरू. मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो, लोकांना वाघ दाखवायला नेतो. घरी माझी मुलगी पुनम आहे, तिसरीत शिकते. माझी सासू मनकर्णा आहे. माझी बायको दुर्गा मागच्या पावसाळ्यात मेंदूच्या मलेरियानं गेली. काबरी ही तिनं आणलेली मांजर. अंगावर काळे-पिवळे ठिपके, म्हणून काबरी.

पुनमला सिकलसेल आहे. आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग लेकरू हातपाय धरून रडतं. पुनमची तर पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोट फुगलं होतं. ती नागपूरला काढून टाकावी लागली. पानथरी नसली की अंगात शिरलेल्या जंतूंशी लढायला शरीर कमी पडतं. दुसऱ्या पोराला जो ताप दोन दिवस झोपवतो, तो पुनमला दिवसभरात संपवू शकतो. म्हणून तिला रोज गोळी असते, लसी असतात, आणि ताप आला की वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

ऑपरेशननंतर दुर्गानं चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडमला सरळ विचारलं होतं, "घरी मांजर हाय जी. ठेवू का सोडू?"

मला वाटलं मॅडम ओरडतील. त्या म्हणाल्या, "ठेवा. पण मांजरीसारखी ठेवा, लेकरासारखी नाही." मग त्यांनी सांगितलं. मांजर पुनमच्या खाटेवर झोपणार नाही. तिच्या ताटाला, तिच्या जखमेला तोंड लावणार नाही. कच्चं मांस-मासळी खाणार नाही, उंदरांमागे बाहेर हिंडणार नाही. तिची घाण मोठ्या माणसानं काढायची, पुनमनं नाही. मांजरीला रेबीजचं इंजेक्शन द्यायचं, नखं कापत राहायची. आणि ओरबाडलं किंवा चावलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, मग ताप असो की नसो.

दुर्गानं हे सगळं पाळलं. दर रविवारी ती आधी पुनमची नखं कापायची, मग काबरीला टॉवेलात गुंडाळून तिची. मांजरीसाठी वेगळं नेलकटर. गावात हसाहस झाली. "मुखरूच्या घरची मांजर शिजवून खाते." "मुखरूच्या घरी उंदीर पिंजऱ्यात अन् मांजर पार्लरमंदी." एकानं तर मला गेटवर सगळ्यांसमोर म्हटलं, "काय गा, रोज वाघापाशी जाते अन् घरी मांजरीले भेते!"

मी म्हटलं, "जंगलात मी गाडीतून कोणाले उतरू देतो का? वाघ वाईट हाय म्हणून नाई उतरू देत. वाघ हाय म्हणून नाई उतरू देत." त्याला समजलं असं मला वाटत नाही.

मग दुर्गा गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथे त्याला शेवटचं ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरतात, बाजूला दिवा लावतात आणि पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी चारचौघांसमोर टोपली उचलायची. पिठावर जसं पाऊल उमटलं असेल, तशा रूपात ते माणूस परत आलं असं मानतात. कोणाचं चिमणीचं निघतं, कोणाची नागाची रेघ निघते. बहुतेक वेळा काहीच नीट दिसत नाही आणि म्हातारे आपसात भांडून काहीतरी ठरवतात. दुर्गाच्या पिठावर भांडायला जागा नव्हती. मांजरीचे पंजे उमटले होते, शिक्के मारल्यासारखे.

टोपली जागेवरून सरकली होती. काबरी चुलीजवळ बसून मिशा चाटत होती आणि मिशांना पीठ होतं. मी ते पाहिलं. सासूनंही पाहिलं. तिनं हात जोडले आणि जमिनीला डोकं टेकवलं. "माही दुर्गा आली वो बाई! आपल्या लेकरापाशी आली!"

"मामी," मी म्हणालो, "तिच्या तोंडाले पीठ लागून हाय."

"मंग लागनच ना, जवाईबापू. पिठातूनच तं आली ते."

बाया रडायला लागल्या. मीही रडलो, पण मांजरीसाठी नाही.

सासू माझ्याकडेच राहिली. ती राहिली नसती तर मला काम सोडावं लागलं असतं, हे मी नाकारत नाही. मी पहाटे गाडी काढतो, उन्हं उतरेपर्यंत जंगलात असतो. ती स्वयंपाक करायची, पुनमला शाळेत सोडायची, गोळी चुकवायची नाही. पुनमला थंडी वाजू नये म्हणून स्वतःचं लुगडं तिच्या अंगावर टाकून आपण तशीच झोपायची. पण काबरीला ती दुर्गे म्हणायला लागली. दुर्गेला दूध, दुर्गेला पाटावर बसवून भात, दुर्गेला तलावातली ताजी मासळी, कच्ची. दुर्गा पुनमच्या खाटेवर. मी बोललो की म्हणायची, "मायले लेकरापासून तोडता का, जवाईबापू?"

शेजारपाजारच्या बाया हळदकुंकू घेऊन यायच्या. सोनीबाई, आमच्या शेजारची, काबरीसमोर बसून विचारायची, "दुर्गे, ओळखलं का मले?" एकदा काबरी उडी मारून छपराखालच्या आड्यावर जाऊन बसली. एक बाई म्हणाली, "जिती होती तवाबी अशीच, कामाच्या टायमाले पळे." सगळ्या हसल्या.

"दुर्गा कधी कामाच्या टायमाले पळाली नाई," मी दारातून म्हणालो. "ते मांजर पळाली." बायांनी ताटं उचलली.

रविवारी मी टॉवेल आणि नेलकटर घेतलं तर सासू मध्ये उभी राहिली.

"माह्या लेकीची नखं कापता? माह्या समोर?"

"दुर्गा सोताच कापत होती ना हिची नखं."

"तवा ते मांजर होती."

त्यानंतर मी ती बाहेर गेली की कापून घ्यायचो. मग सीझन आला, रविवारीही सकाळ-दुपार दोन्ही फेऱ्या लागल्या, आणि तिलाही संशय आला. मी घरी असलो की ती काबरीला सोडून घराबाहेर जाईनाशी झाली. नखं वाढली.

एका संध्याकाळी पुनमनं मला विचारलं. मी गाडीची धूळ धुवत होतो, ती बादली धरून उभी होती.

"बाबा, काबरी आई हाय का?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. हो म्हणालो असतो तर ती खूश झाली असती. मलाही बरं वाटलं असतं, काही दिवस.

"नाई," मी म्हणालो.

"मंग ते माह्याजवळच काऊन झोपते?"

"तुही गोधडी गरम असते म्हणून."

तिनं बादली खाली ठेवली आणि आत गेली. नंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. सासू मला ऐकू जाईल असं भांड्यांना सांगत होती की काही लोकांच्या छातीत दगड असतो. मी ऐकून घेतलं. पण दुर्गा कोणी पिठात शोधावी, आड्यावर शोधावी, मासळीच्या वाटीत शोधावी, हे मला चालणार नव्हतं. ती माझ्यावर चिडायची तेव्हा जेवण वाढून समोर बसून राहायची, एक शब्द न बोलता. तशी बाई दुसरी नाही. मांजर तर नाहीच.

एके दिवशी मी दुपारच्या फेरीसाठी गेटवर रांगेत होतो. आत मोबाईल नेता येत नाही, जमा करायच्या आधी वाजला म्हणून बरं. सोनीबाई होती.

"मुखरूभाऊ, पुनम लय तापली. हुडहुडी भरून राह्यली. तुमची सासू अंगारा लावून बसली. मी सांगतलं म्हणून सांगू नका."

"ओरबाडलं काय तिले?"

ती हळूच म्हणाली, "काल. हातावर. मामीनं हळद लावून झोपवलं. म्हणे, मायच्या हाताचं लेकराले लागत नाई."

माझ्या गाडीत दोन पाहुणे बसले होते, मोठे कॅमेरे घेऊन. मी मागे वळून म्हणालो, "साहेब, उतरा."

"का? गाडी बंद पडली का?"

"गाडी ठीक हाय. माझी पोरगी बिमार हाय. उतरा."

"अहो, आमचं तीन महिन्यांपूर्वीचं बुकिंग आहे!"

"वाघ उद्याबी राहीन, साहेब."

ते उतरले. माझा गाईड पत्रू समजूतदार माणूस, तो म्हणाला, "तू निघ, या पाहुण्यायचं मी पाहातो." मालकाला न विचारता मी गाडी रांगेतून काढली. त्यासाठी मालकानं नंतर मला काही दिवस घरी बसवलं. बसवू दे. तशीच वेळ आली तर तशीच गाडी काढीन.

पुनम खाटेवर होती, डोळे अर्धे मिटलेले, अंग तव्यासारखं. मनगटाजवळ तीन ओरखडे, हळदीखाली लाल आणि सुजलेले. काबरी तिच्या पायाशी. मी काबरीला उचलून खाली ठेवलं आणि पुनमला उचलून गाडीत घेतलं. सासू काही न विचारता मागे चढली. पुनमचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि उघड्या जिप्सीत चंद्रपूर येईपर्यंत पदरानं तिच्यावर सावली धरली. मी आरशात पाहत होतो. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण ती सावली पाहून मी नुसती गाडी हाणत राहिलो.

दवाखान्यात मी पहिलं वाक्य तेच बोललो जे दुर्गानं पाठ करून घेतलं होतं. सिकलसेल आहे, पानथरी काढली आहे, ताप आहे. नर्सनं चिठ्ठी-बिठ्ठी बाजूला ठेवली आणि आत घेतलं. रक्त काढलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. मॅडम आल्या, हात पाहिला.

"हे कशानं झालं?"

सासू म्हणाली, "तिच्या मायनं ओरबाडलं जी."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. "आईनं? कुठे आहे तिची आई?"

मी सासूच्या पुढे झालो.

"तिची आई वारली," मी म्हणालो. "मांजरीनं ओरबाडलं. काल. धुतलं नाई, आणलं नाई."

मॅडम सासूकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आजी, काल आणलं असतं तर एवढं झालं नसतं. उद्या आणलं असतं तर मी काही करू शकले नसते." सासू भिंतीला टेकून खाली बसली.

ताप उतरायला वेळ लागला. पण उतरला. पुनमनं भात मागितला तेव्हा मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला लाथा मारल्या, कारण दुसरं काय करावं ते समजत नव्हतं.

परत आलो तर ती छताकडे पाहत होती.

"बाबा, काबरीले सोडून देशीन?"

"नाई."

"आजी म्हणते ते आई हाय, म्हणून ठेवा लागते. तू म्हणतं ते मांजर हाय. मंग तू काऊन ठेवतं?"

"तुही हाय म्हणून. तुह्या आईनं तुह्यासाठी आणली. पण आता खाटेवर नाई."

"दुरूनच?"

"दुरून. दोरी हालवून खेळ. आंगावर नाई घ्यायची."

तिनं विचार केला. "बरं," म्हणाली. खूश होऊन नाही म्हणाली, पण म्हणाली.

घरी आलो तर ओट्यावर माणसं जमली होती. माझा साळा अंकुश पोतं घेऊन उभा होता.

"भाऊजी, आता बस झालं. मी हिले नदीपार सोडून येतो. पाणी ओलांडलं की मांजर वापस येत नाई."

"मामीले विचारलं का?"

सासू आतून धावत आली. "माह्या लेकीले जंगलात फेकता? बिबट्याच्या तोंडात? सोडा, मंग मलेबी तिथीच सोडा!"

"मंग पोट्टीनं मरावं का, माय?" अंकुश ओरडला. ओट्यावरच्यांनी आपापली बाजू घेतली. अर्धे म्हणत होते फेका, अर्धे म्हणत होते पाप लागेल. एक म्हातारा म्हणाला, दुर्गेचा जीव नाराज आहे, पुजाऱ्याला बोलावून तिला शांत करा. माझ्या लेकराच्या जिवाचा निकाल माझ्याच ओट्यावर लागत होता आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मी अंकुशच्या हातातलं पोतं घेतलं.

"ऐका," मी म्हणालो. "मांजर इथीच राहीन. मामी, तुमीबी इथीच राहा, तुमच्याशिवाय माहं भागत नाई. पण मांजर मांजरीसारखी राहीन. खाली झोपन, शिजवलेलं खाईन, नखं कापून घेईन. ज्याले पटत नसन त्यानं माह्या घरी येऊ नये. दुर्गा नाराज नाई. दुर्गा आड्यावर नाई, खाटेवर नाई. दुर्गा मेली."

हा शब्द मी तोपर्यंत काढला नव्हता. सगळे गेली म्हणत होते, मीही गेलीच म्हणत होतो.

आमच्याकडे सासू जावयाला कधी तू म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली. "तुह्या तोंडात किडे पडो!" हातातला पाण्याचा गडवा तिनं माझ्या अंगावर फेकला. तो छातीवर लागून ओट्याखाली गडगडत गेला. "मेली तं मंग माही पोरगी कुठी हाय? सांग! कुठी हाय ते?"

"मले मालूम नाई," मी म्हणालो. "मालूम असतं तं मी तिथी गेलो नसतो का?"

ओट्यावरची माणसं एकेक करून उठली. अंकुशही गेला. सासू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मी काबरीला धरलं. दुर्गा करायची तसं गुंडाळायला गेलो, टॉवेल नाही तर अंकुशच्या पोत्यातच. एकेक पंजा बाहेर काढून नखं कापायला लागलो. दुर्गाच्या हातात ती गप्प बसायची. माझ्या हातात तिनं सगळं घर डोक्यावर घेतलं. पुनम दारात उभी राहून सांगत होती, "बाबा, टोकच काप, लाल दिसते तिथी कापू नको, आई तसंच करे." पुढचे पंजे झाले. मागचा एक राहिला असताना काबरीनं पाय सोडवून माझ्या हातावर लांबच लांब ओरखडा काढला आणि पोत्यातून निसटून गेली.

रक्त आलं. मी तसाच बसून राहिलो. थकलो होतो.

सासू उठली. मोरीतली बादली भरली, साबण घेतला, तांब्या घेतला. माझ्यासमोर येऊन बसली. डोळे रडून सुजलेले होते.

"हात इकडे कर."

"राहू द्या, मामी. मले पानथरी हाय."

"इकडे कर म्हणते ना." तिनं मनगट धरून हात ओढला आणि साबण चोळला. वरून पाणी सोडत राहिली, तांब्यामागून तांब्या. मॅडमनी पुनमच्या वेळी सांगितलं होतं तसं, घाई न करता. हळदीचा डबा शेजारीच फळीवर होता. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"दुर्गेनं लय ओरबाडलं," ती म्हणाली.

"काबरीनं," मी म्हणालो.

"बोलू नको. धू आधी," ती म्हणाली आणि आणखी पाणी ओतलं.